मराठवाड्यात बसून स्वतःचा ऑडिओ डॅक कसा बनवायचा

मोबाइलमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट. स्पीकरला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त वरखाली होणारा व्होल्टेज लागतो. आकड्यांचा व्होल्टेज करणारं सर्किट म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, सगळे त्याला डॅक म्हणतात. टीव्हीत, मोबाइलमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये तो असतोच. पण स्वतः जोडलेल्या डॅकमधून घरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गाणं ऐकलं की आवाजाच्या वाटेतला प्रत्येक टप्पा ओळखीचा होतो. काही बिघडलं तर कुठे बघायचं तेही कळतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. चांगली डॅक चिप आज काही शे रुपयांत तयार बोर्डावर लावून मिळते. चिप निवडण्यात महिना घालवू नका. आवाज बिघडतो तो वीजपुरवठ्यामुळे, ग्राउंडमुळे आणि लांबच लांब वायरींमुळे. आपल्याकडे तर जास्तच. संध्याकाळी दिवे मंद होतात, शेतीपंपांची लाईन सुरू झाली की व्होल्टेज हलतो, लाईट गेली की घर इन्व्हर्टरवर जातं, आणि मे महिन्यात आर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडीठाक पडलेली असते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलेल्या माहितीत हे येत नाही, म्हणून इथे त्यावर जास्त जागा खर्च करणार आहे.

आधी तेरा रेझिस्टरचा डॅक

चिपला हात लावण्याआधी एक संध्याकाळ ब्रेडबोर्डवर घालवा. १० किलोओहमचे १३ मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, १ टक्का टॉलरन्सचे, शक्यतो एकाच पट्टीतले. जिथे २० किलोओहम हवा तिथे दोन एकापुढे एक जोडायचे.

ब्रेडबोर्डवर चार बिंदू ठरवा, त्यांना क, ख, ग, घ म्हणू. क-ख, ख-ग आणि ग-घ यांच्यामध्ये एकेक १० किलोओहम. क पासून ग्राउंडला, म्हणजे सेलच्या मायनसला, २० किलोओहम. मग चारही बिंदूंपासून २० किलोओहमचा एकेक पाय बाहेर काढा. हे चार पाय म्हणजे तुमचे चार बिट. घ चा पाय सर्वांत वजनदार, क चा सर्वांत हलका. तीन पेन्सिल सेल एका ओळीत लावून साधारण ४.५ व्होल्ट मिळवा. प्रत्येक पाय एकतर प्लसला किंवा ग्राउंडला जोडलेला हवा. अधांतरी ठेवला तर उत्तर चुकतं.

आता मल्टिमीटरची काळी वायर ग्राउंडला, लाल वायर घ वर. फक्त घ चा पाय प्लसला जोडला तर २.२५ व्होल्ट दिसतील. फक्त ग चा जोडला तर साधारण १.१२, फक्त ख चा तर ०.५६, फक्त क चा तर ०.२८. चारही जोडले तर ४.२२ च्या आसपास. सेल नवे असतील तर एकूण व्होल्टेज थोडा जास्त भरेल, म्हणून आधी सेल मोजा आणि त्याला १६ ने भागा. ती तुमची एक पायरी. चार बिटांत अशा १६ पायऱ्या मिळतात. हे काम तुम्ही हाताने वायरी हलवून करता, खरा डॅक तेच सेकंदाला ४४,१०० वेळा करतो.

यातूनच एक अडचण समजते. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात. म्हणजे सर्वांत वजनदार बिटाच्या रेझिस्टरमध्ये ०.००३ टक्क्यांचा फरक पडला तरी सर्वांत बारीक पायरी पुसली जाते. १ टक्क्याच्या रेझिस्टरने ते जमणार नाही. म्हणून आजच्या बहुतेक चिप डेल्टा-सिग्मा पद्धतीने चालतात. त्या थोड्याच पायऱ्या वापरतात, पण अतिशय वेगाने, आणि उरलेली चूक कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीत ढकलून गाळून टाकतात.

काय काय आणायचं

पहिल्या डॅकसाठी माझी निवड पीसीएम ५१०२ए. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप डेटाशीटप्रमाणे ११२ डेसिबल डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातलं अंतर, देते. सीडीच्या १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा ९८ डेसिबल आहे, म्हणजे चिप पुरून उरते. तिच्याच पाठच्या दोन बहिणी पीसीएम ५१०१ए आणि पीसीएम ५१००ए अनुक्रमे १०६ आणि १०० डेसिबलच्या आहेत. बोर्ड हातात आल्यावर भिंगाखाली चिपवरचा आकडा वाचून घ्या. दुसरा मोठा फायदा म्हणजे या चिपला वेगळं मास्टर क्लॉक (मुख्य ठोका) लागत नाही, ती बिट क्लॉकवरून, म्हणजे एकेका बिटासोबत येणाऱ्या ठोक्यावरून, स्वतःच ते तयार करते. तिसरा फायदा म्हणजे आउटपुट शून्य व्होल्टभोवतीच फिरतं, त्यामुळे आउटपुटला मोठा कपॅसिटर लावावा लागत नाही.

आकडे पुरवायला रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटासा संगणक घ्या, पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो. घरात जुना रास्पबेरी पाय ३ किंवा ४ असेल तर तोही चालेल, पिनांची मांडणी तीच आहे. झिरो घेणार असाल तर पिना आधीच सोल्डर केलेला मागवा. ४० पिना स्वतः सोल्डर करणं हे पहिलं काम नसावं.

डॅकचा बोर्ड आणि पाय ऑनलाइनच मागवावे लागतील. बाकीचं सगळं नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर कुठेही टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या आणि डीजेचा सेट असेंबल करणाऱ्या दुकानांत मिळतं. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर तार, रोझिनची डबी, मल्टिमीटर, शील्डेड ऑडिओ वायर, आरसीएच्या पिना, छोट्या जंपर वायरी. दुकानदाराशी ओळख करून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यात हयात घालवलेल्या या कारागिरांना घरघर कुठून येते हे आवाजावरून सांगता येतं, आणि विचारलं तर ते मनापासून सांगतात.

बोर्डाच्या मागचे चार जंपर

बहुतेक लोकांचा पहिला डॅक मुका राहतो तो इथे. जांभळ्या रंगाच्या प्रचलित बोर्डाच्या मागे सोल्डरने जोडायच्या चार जागा असतात. त्यांना १ ते ४ आकडे असून प्रत्येकीला हाय आणि लो अशी दोन टोकं असतात. १, २ आणि ४ लोला, ३ मात्र हायला. पहिला जंपर फिल्टर निवडतो, दुसरा डी-एम्फसिस बंद ठेवतो, चौथा आयटूएस ही आकडे पाठवण्याची पद्धत निवडतो. तिसरा म्यूटचा, म्हणजे आवाज बंद करण्याचा आहे. तो लो राहिला तर सगळं बरोबर जोडूनही चिटपाखरू ऐकू येणार नाही. काही बोर्डांवर हे आधीच जोडलेले येतात, काहींवर नाही. डोळ्यावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने तपासा.

पुढच्या बाजूला एससीके नावाची पिन असते. ती ग्राउंडला जोडायची. शेजारी छोटी सोल्डरची जागा असेल तर थेंबभर सोल्डरने पूल करा, नाहीतर एक वायर टाका. ती मोकळी राहिली तर चिपला बाहेरचं क्लॉक येतंय असा भास होतो आणि आवाज फाटतो किंवा येतच नाही.

पाच वायरी

आयटूएस ही फिलिप्सने १९८६ मध्ये मांडलेली पद्धत, एकाच उपकरणाच्या आतल्या दोन चिपांनी बोलण्यासाठी. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेण्यासाठी ती नाही. ४४.१ किलोहर्ट्झला प्रत्येक बाजूला ३२ बिटांची जागा धरली तर बिट क्लॉक २.८२२४ मेगाहर्ट्झचा होतो. म्हणून वायरी १० सेंटिमीटरच्या आत ठेवा.

पायच्या ४० पिनांत एका ओळीत विषम आकडे, दुसऱ्या ओळीत सम. १ क्रमांकाची पिन एसडी कार्डाच्या बाजूला, आणि बोर्डाखालून पाहिलं तर तिचं सोल्डर चौकोनी दिसतं. तिथून मोजायला लागा.

बोर्डाची व्हीआयएन पायच्या पिन २ ला, म्हणजे ५ व्होल्टला. जीएनडी पिन ६ ला. बीसीके, म्हणजे बिट क्लॉक, पिन १२ ला. एलसीके, म्हणजे डावी की उजवी बाजू ते सांगणारी, पिन ३५ ला. डीआयएन, म्हणजे डेटा, पिन ४० ला. जमलं तर पिन ३९ वरून आणखी एक ग्राउंडची वायर डेटाच्या वायरीला वेटोळून आणा, कडेचा गोंगाट कमी होतो. मोजणीत एक पिन चुकली आणि ५ व्होल्ट डेटाच्या पिनेवर गेले तर चिप त्याच क्षणी जाऊ शकते. म्हणून वायरी लावल्यावर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा.

वीज देण्याआधी, दिल्यावर

वीज नसताना मल्टिमीटर बझरवर ठेवून व्हीआयएन आणि जीएनडी यांच्यात तपासा. सलग वाजला तर शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मग पाय सुरू करा, पण अ‍ॅम्प्लिफायर अजून जोडायचा नाही. डॅकच्या डाव्या आणि उजव्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. अर्धा-एक व्होल्ट दिसत असेल तर जोडणीत चूक आहे. अशा डॅकला अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

सॉफ्टवेअरचा भाग थोडक्यात संपतो. मूड ऑडिओ नावाची मोफत प्रणाली एसडी कार्डावर टाका आणि घरच्या वायफायवर मोबाइलच्या ब्राउझरमधून उघडा. ऑडिओच्या सेटिंगमध्ये आयटूएस उपकरणांची यादी असते. तिथे 'हायफायबेरी डॅक' निवडा. यादीत 'डॅक प्लस' असंही नाव दिसेल, ते घेऊ नका. ते ज्या चिपसाठी आहे तिला आणखी दोन नियंत्रण वायरी लागतात, आणि त्या न सापडल्याने प्रणाली गप्प बसते. निवडल्यावर पाय पुन्हा सुरू करा.

आता १०० हर्ट्झची पूर्ण पातळीची चाचणी-लहर वाजवा, आवाज पूर्ण, आणि आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. २ व्होल्टच्या थोडं वर, साधारण २.१ दिसायला हवं. स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकीचं दाखवतात, म्हणून १ किलोहर्ट्झऐवजी १०० घ्यायला सांगितलं. दोन्ही बाजू सारख्या आल्या म्हणजे डॅक तयार झाला.

या २.१ व्होल्टची जाणीव ठेवून अ‍ॅम्प्लिफायर जोडा. आपल्याकडचे असेंबल केलेले सेट मोबाइलच्या कमी व्होल्टेजवर मोठा आवाज निघावा म्हणून बांधलेले असतात. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरू करा. बोर्डावरची ३.५ मिलिमीटरची जागा पाहून हेडफोन लावायचा मोह होईल, पण ही लाइन आउटपुट आहे. चिपला किमान १ किलोओहमचा भार अपेक्षित आहे, हेडफोन बहुधा ३२ ओहमचा असतो.

घरघर आणि तिचा माग

आवाज आला, पण गाणं थांबल्यावर मागे घरघर राहिली. इथेच बरेच जण चिपला दोष देऊन दुसरा बोर्ड मागवतात. आधी घरघरीचा सूर ओळखा. ५० हर्ट्झची घरघर खोल आणि मऊ असते, ती बहुधा ग्राउंड लूपची (दोन वाटांनी ग्राउंड जोडल्याने तयार झालेल्या कड्याची) किंवा आर्थिंगची. १०० हर्ट्झची जरा चढी आणि खरखरीत असते, ती रेक्टिफायरनंतरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) कमी पडलेल्या कपॅसिटरची. आणि स्क्रीन बदलताना किंवा वायफाय चालू असताना चिरचिर ऐकू येत असेल तर ती पायच्या ५ व्होल्टमधून येते.

माग काढायची सोपी पद्धत आहे. पायला पॉवर बँकेवर चालवा. घरघर गेली तर लूप चार्जरमधून जात होता, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि चार्जर दोन वेगळ्या वाटांनी आर्थिंगला जोडलेले होते. दोन्ही एकाच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटांत लावून पुन्हा ऐका. पॉवर बँकेवरही घरघर तशीच राहिली तर डॅक ते अ‍ॅम्प्लिफायर ही वायर काढून पाहा. तरी चालू असेल तर आजार अ‍ॅम्प्लिफायरचा आहे.

थ्री पिनमधली आर्थिंगची पिन मोडून घरघर घालवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो कधीही मानू नका. घरघर जाते, पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर धातूच्या डब्यात २३० व्होल्ट उतरतात. त्याऐवजी आर्थिंगचा खड्डा पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि रॉडपासून सुटते, रेझिस्टन्स वाढतो. फेब्रुवारीपासून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा, आणि वर्षातून एकदा वायरमनकडून जोड तपासून घ्या. डॅकच काय, घरातली माणसंही त्याने सुरक्षित राहतात.

इन्व्हर्टरवरची घरघर वेगळी. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्हऐवजी चौकोनी लहर देतात, तिच्यात ५० हर्ट्झच्या पटीतल्या असंख्य फ्रिक्वेन्सी असतात, आणि त्या ट्रान्सफॉर्मरमधून सरळ आत येतात. त्यावर डॅकमध्ये करण्यासारखं फार थोडं आहे. लाईट गेल्यावरही ऐकायचं असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर पाय-डॅक पॉवर बँकेवर आणि स्पीकर बॅटरीवर चालणारे ठेवा. अचानक लाईट जाण्याचा दुसरा फटका एसडी कार्डाला बसतो. सगळं नीट जमल्यावर कार्डाची एक प्रत करून ठेवा.

डॅकची स्वतःची वीज

पहिले काही आठवडे पायच्याच ५ व्होल्टवर ऐका. कान सरावला की डॅकला वेगळा लिनिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरचा, पुरवठा द्या. ऐकू येणारा फरक या एका बदलाने जेवढा पडतो तेवढा चिप बदलून पडत नाही, असा माझा ठाम अनुभव आहे.

साहित्य साधं आहे. ९-०-९ चा ५०० मिलिअ‍ॅम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारी चिप), त्याच्या इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड. ट्रान्सफॉर्मरची मधली आणि एका टोकाची अशा दोनच वायरी वापरा, उरलेल्या टोकावर टेप गुंडाळा.

५ व्होल्टसाठी ६ चा ट्रान्सफॉर्मर का नको, याचं उत्तर आपल्या लाईनमध्ये आहे. ७८०५ ला इनपुटला किमान ७ व्होल्ट लागतात. ६ व्होल्ट एसीचे, १.४१४ ने गुणून आणि ब्रिजमध्ये १.४ वजा जाऊन, २३० च्या लाईनला जेमतेम ७.१ डीसी उरतात. संध्याकाळी लाईन १८० वर आली की तेच ५.२ होतात आणि आवाजात १०० हर्ट्झची खरखर शिरते. ९ चा ट्रान्सफॉर्मर १८० लाही साधारण ८.५ देतो. लाईन चढून २६० झाली तरी १३ च्या आसपास राहतो, २५ व्होल्टच्या कपॅसिटरला ते झेपतं. डॅकने ५० मिलिअ‍ॅम्पिअर घेतले असं धरलं तरी रेग्युलेटरवर नेहमीच्या लाईनला पाव ते अर्धा वॅट उष्णता पडते, हीटसिंक लागत नाही. पायला मात्र यावर चालवू नका, त्याच्या करंटला हा रेग्युलेटर भाजून निघेल. त्याचा चार्जर वेगळाच राहू द्या.

पायच्या पिन २ ची वायर काढा, त्या जागी ७८०५ चे ५ व्होल्ट बोर्डाच्या व्हीआयएनला द्या. ग्राउंडची वायर तशीच ठेवायची, ती तोडली तर आकड्यांना आधार राहत नाही. दोन्ही पुरवठे एकाच स्विचवरून चालू-बंद करा. डॅक बंद आणि पाय चालू राहिला तर डेटाच्या पिनांतून वीज चिपमध्ये घुसते. २३० व्होल्टची बाजू, फ्यूजसह, पहिल्यांदा दुरुस्तीवाल्या कारागिराच्या हाताने करून घ्या आणि शेजारी उभं राहून शिका.

डबा

स्टीलचा डबा शील्डिंगसाठी छान वाटतो, पण पायचं वायफाय त्यात गुदमरतं. प्लास्टिकचा किंवा लाकडी डबा घ्या. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, डॅक दुसऱ्या टोकाला. तळाला आणि मागे छिद्रं पाडा, वर नको, धूळ साठते. मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर तापमान असतं, डब्यात आणखी वाढतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य १० अंश वाढले की साधारण निम्मं होतं. दुकानात ८५ अंशांचे आणि १०५ अंशांचे असे दोन्ही मिळतात. १०५ चेच घ्या, किमतीत फार फरक नाही.

काय ऐकून पारखायचं

तानपुऱ्याचं स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्या. तार छेडल्यावर सूर विरत जातो तेव्हा शेवटचा झणत्कार कुठवर ऐकू येतो हे पाहा. मागे घरघर असेल तर तो तिच्यात बुडतो. मग संबळ. तुळजापूरच्या गोंधळ्यांच्या संबळाचा चढा ठोका अतिशय तीक्ष्ण असतो. वीजपुरवठा कमकुवत असेल किंवा अ‍ॅम्प्लिफायर भरून जात असेल तर तो ठोका फुटल्यासारखा लागतो. नंतर नाथांचं एखादं भारूड ऐका. मुख्य गाणारा आणि मागचे टाळकरी वेगवेगळ्या जागी उभे वाटले पाहिजेत. डावी-उजवी वायर उलटी लागली असेल तर इथेच लक्षात येतं.

जुन्या आणि नव्या पुरवठ्याची तुलना करताना दोन्हींची पातळी १०० हर्ट्झच्या लहरीने मल्टिमीटरवर सारखी करून घ्या. जो आवाज किंचित मोठा तो कानाला चांगला वाटतो, मग तो खरोखर चांगला असो वा नसो.

एवढं पचल्यावर पुढचा टप्पा क्लॉकचा. पाय ४४.१ किलोहर्ट्झचा क्लॉक स्वतःच्या क्रिस्टलवरून अपूर्णांकाने भागून काढतो, त्यामुळे त्याच्या ठोक्यांत थोडी डगमग असते. पीसीएम ५१०२ए ती बरीच सावरून घेते. ती मुळातच नको असेल तर २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झ अशी दोन क्रिस्टल असलेला बोर्ड घ्यावा लागतो. पहिलं क्रिस्टल ४४.१ च्या कुटुंबासाठी, दुसरं ४८ च्या. अशा बोर्डावर डॅक मालक होतो आणि पाय त्याच्या ठोक्यावर आकडे पुरवतो. तो मागवण्याआधी वर सांगितलेला वेगळा वीजपुरवठा जोडून ठेवा. त्याच ५ व्होल्टवर तोही बोर्ड चालेल का, हे त्याच्या करंटचा आकडा वाचून ठरवा. आकडा २०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर असेल तर ७८०५ ला हीटसिंक लावा आणि १००० ऐवजी २२०० मायक्रोफॅरड घ्या.